अँडरटनची बोट-लिफ्ट आणि तिची गोदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही लिफ्ट कुठे आहे आणि कशाला काय जोडते?

इंग्लंडच्या चेशर परगण्यात नॉर्थविच शहराजवळ अँडरटन नावाचं छोटं गाव आहे. तिथे खाली वीव्हर नदी वाहते आणि वर टेकडीच्या उतारावरून ट्रेंट-मर्सी कालवा जातो. दोघांमध्ये ५० फुटांचं, म्हणजे सुमारे १५ मीटरचं अंतर आहे, आणि तेही उभं. बोट पाण्यासकट उचलून या पातळीवरून त्या पातळीवर ठेवणारं यंत्र म्हणजे अँडरटनची बोट-लिफ्ट. ती १८७५ मध्ये सुरू झाली.

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटाचं पाणी आणि शेतं डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमधले अठराव्या शतकातले बहुतेक कालवे खोदले गेले ते मालाच्या बोटींसाठी. एक घोडा काठावरून चालत दोराने बोट ओढी आणि बैलगाडीच्या कितीतरी पट माल एका खेपेत जाई. पुढचं सगळं वाचताना कालव्याचं हे रूप डोळ्यांसमोर असू द्या.

नदी इतकी जवळ असताना कालवा ५० फूट वर का खोदला?

पातळी राखण्यासाठी. ट्रेंट-मर्सी कालव्याची आखणी अभियंता जेम्स ब्रिंडली यांची. काम १७६६ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७७७ मध्ये पूर्ण झालं. ब्रिंडली यांची पद्धत अशी, की जमिनीच्या उंचसखलपणाला वळसा घालत कालवा शक्य तितका एकाच पातळीवर न्यायचा. मिडलविचपासून प्रेस्टन ब्रुकपर्यंतचा टप्पा जवळजवळ सपाट आहे. तिथे कालवा दरीच्या कडेने अधांतरी चालल्यासारखा दिसतो आणि नदी तळातून आपल्या उताराने वाहते. अँडरटनला हे दोघे अगदी शेजारी येतात.

शिवाय दोघांचे मालक वेगळे होते. वीव्हर नदी १७३२ मध्येच मोठ्या बोटींसाठी सुधारलेली होती आणि ती विश्वस्तांच्या, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, ताब्यात होती. कालवा मात्र एका कंपनीचा होता. सुरुवातीला विश्वस्तांना कालवा म्हणजे आपला धंदा पळवणारा प्रतिस्पर्धी वाटला. त्यामुळे दोन जलमार्ग दगड मारण्याच्या अंतरावर असूनही बोट इकडून तिकडे जाण्याची सोय पहिली ९८ वर्षं नव्हतीच.

मग माल कसा जायचा? गोदी नेमकी कशी होती?

लिफ्ट समजून घ्यायची तर आधी गोदी समजायला हवी. १७९३ मध्ये विश्वस्तांनी नदीच्या उत्तर काठाला अँडरटन इथे गोदी खोदली. नदीचं पाणी थेट कालव्याखालच्या कड्याच्या पायथ्यापर्यंत आणलं. वर कालव्याच्या कडेला बोट, खाली गोदीत बोट, आणि मध्ये ५० फुटांचा उतार, अशी ती मांडणी.

मिठाचं काम त्यातल्या त्यात सोपं. वरच्या बोटीतून मीठ फावड्याने लाकडी पन्हळीत ढकलायचं, ते घसरत खालच्या बोटीत पडायचं. पन्हळ ओली झाली की मीठ चिकटून गोळे होत, म्हणून चेशरच्या पावसात हे काम वाटतं तितकं सरळ नव्हतं. चिनी मातीच्या भांड्यांचं तसं करता येत नाही. स्टोक भागातल्या कारखान्यांमधून आलेली कपबशा-ताटल्यांची खोकी क्रेनने किंवा उतारावरच्या रुळांवरून खाली उतरवावी लागत. उलट दिशेने, नदीकडून वर, येई तो कच्चा माल : कॉर्नवॉलची पांढरी माती आणि भांड्यांच्या मिश्रणात घालायची गारगोटी. हा माल जड, आणि चढावर ओढायचा.

१८७० पर्यंत गोदीत तीन दुहेरी उतार-रूळ, मिठाच्या चार पन्हळी आणि गोदामांची मोठी वस्ती उभी राहिली होती. तरीही प्रत्येक नग दोनदा हाताळायचा, त्यात फूट-तूट व्हायची, मजुरी लागायची आणि बोटी रांगेत खोळंबायच्या. गोदी जितकी मोठी होत गेली तितका हा खर्च वाढत गेला. पुढे लिफ्ट बांधायची निकड निर्माण झाली ती इथूनच.

लॉकची रांग बांधली असती तर काम झालं नसतं का?

झालं असतं, पण दोन अडचणी होत्या. पहिली जागेची. ५० फूट उतरायला सहा-आठ लॉक लागतात आणि या कड्यावर तितकी लांबी सहज मिळत नव्हती. दुसरी पाण्याची. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेली पाण्याची खोली. बोट खाली उतरवताना ती भरलेली खोली रिकामी करावी लागते. कालव्याच्या एका अरुंद लॉकमध्ये एक लाख लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे प्रत्येक बोटीमागे कालव्याचं तेवढं पाणी नदीत वाहून गेलं असतं. कालव्याला पाणी उंचावरच्या तलावांतून आणावं लागतं. ते असं सोडून देणं कालव्याच्या मालकाला कधीच परवडलं नसतं.

लिफ्टमध्ये बोट पाण्याच्या टाकीत तरंगत राहते आणि टाकीच वर-खाली होते. पाणी खर्ची पडतं ते जेमतेम १६ हजार लिटर. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

कल्पना कोणाची आणि बांधली कोणी?

वीव्हरच्या विश्वस्तांचे अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्स यांनी लिफ्टचा विचार पुढे नेला. (पुढे मँचेस्टर शिप कॅनॉल याच लीडर विल्यम्स यांनी उभा केला.) आराखडा एडविन क्लार्क यांचा. क्लार्क यांनी रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या हाताखाली ब्रिटानिया पुलाचं काम केलं होतं आणि लंडनच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजं पाण्याच्या दाबाने उचलणारी यंत्रणाही बसवली होती. त्यामुळे शेकडो टन वजन पाण्याच्या दाबावर उचलणं त्यांना नवीन नव्हतं. सिडेंगहॅम ड्युअर हे त्यांचे सहकारी.

बोट-लिफ्ट ही वस्तू त्याआधी कधी बनलीच नव्हती, असं मात्र नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ग्रँड वेस्टर्न कालव्यावर १८३० च्या दशकात सात लिफ्ट बसवल्या होत्या. त्या साखळ्यांवर टांगलेल्या आणि लहान बोटींपुरत्या होत्या, आणि १८६७ मध्ये कालव्याचा तो भाग बंद पडला. अँडरटनला त्याहून मोठं आणि धंद्याच्या रोजच्या रगाड्यात टिकणारं यंत्र हवं होतं.

कालवा तेव्हा नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. विश्वस्तांनी तिच्याकडे खर्चात वाटा मागितला, तिने नकार दिला. मग विश्वस्तांनी १८७२ मध्ये संसदेचा कायदा मंजूर करून घेतला आणि सगळा भार स्वतः उचलला. खर्च आला ४८,४२८ पौंड. २६ जुलै १८७५ रोजी लिफ्ट वाहतुकीसाठी खुली झाली.

१८७५ च्या लिफ्टचे मुख्य भाग कोणते?

दोन टाक्या, शेजारी-शेजारी. प्रत्येक टाकी घडीव लोखंडाची, ७५ फूट लांब, साडेपंधरा फूट रुंद. तीत ७२ फुटी दोन अरुंद बोटी बाजूबाजूला मावत, किंवा १३ फूट रुंदीची एक मोठी बोट. रिकामी टाकी ९० टनांची, पाणी भरल्यावर २५२ टन. यावरून पाण्याची खोली काढली तर ती ५ फुटांच्या आसपास येते.

प्रत्येक टाकी एकाच दट्ट्यावर उभी. टाकीच्या पोटाखाली बरोबर मध्यभागी ३ फूट व्यासाचा, ५० फूट लांबीचा बिडाचा पोकळ दट्ट्या. तो जमिनीत पुरलेल्या तितक्याच लांबीच्या बिडाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली सरके. दट्ट्या सिलिंडरच्या तोंडातून जिथे बाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून ग्लँड, म्हणजे पॅकिंग भरलेलं घट्ट कडं. हे ग्लँड आणि दट्ट्याचा गुळगुळीत पृष्ठभाग, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. लिफ्टचं पुढचं निम्मं दुखणं तिथलंच आहे.

दोन्ही सिलिंडर एकमेकांना ५ इंची नळाने जोडलेले. टाक्या हलू-झुलू नयेत म्हणून चहूबाजूंनी बिडाचे पोकळ खांब आणि त्यांवर मार्गदर्शक पट्ट्या. माथ्यावर दाब साठवून ठेवणारं पात्र, म्हणजे ॲक्युम्युलेटर, आणि त्यात दाब भरणारं १० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. वरच्या टोकाला कालव्याशी जोडणारा १६५ फूट लांबीचा लोखंडी जलसेतू. खाली नदीच्या पातळीला वालुकाश्माने बांधलेला, पाण्याने भरलेला हौद, ज्यात टाकी येऊन बसे.

एक फेरी कशी होते? पायरी-पायरीने सांगाल का?

समजा एक बोट वरून खाली जायची आहे आणि दुसरी खालून वर.

वरची बोट कालव्यातून वळून जलसेतूत शिरते. टाकी जलसेतूच्या टोकाला टेकलेली असते. आधी जलसेतूचं दार आणि टाकीचं दार यांमधली फट पाण्याने भरायची, मग दोन्ही दारं सरळ वर उचलायची. बोट टाकीत घ्यायची आणि दोर सैलसर बांधायचे. दारं खाली सोडायची, मधल्या फटीतलं पाणी काढून टाकायचं. ही पायरी चुकली आणि दार नीट बसलेलं नसताना टाकी सुटली, तर फटीतून पाण्याचा लोंढा येणार. दाराच्या बैठकीत एखादी काटकी किंवा वीट अडकली तरी तेच. म्हणून दार सोडण्याआधी बैठक साफ असणं फार महत्त्वाचं.

तोवर खालच्या टाकीत दुसरी बोट आलेली असते. आता दोन सिलिंडरमधल्या नळाची झडप उघडायची. वरची टाकी थोडी जड असते, ती खाली दबते, तिच्या सिलिंडरमधलं पाणी नळातून दुसऱ्या सिलिंडरमध्ये जातं आणि ती टाकी वर चढते. इंजिनाची मदत जवळपास लागतच नाही. सुमारे तीन मिनिटांत उंचीची अदलाबदल होते.

या तीन मिनिटांत नळातून किती पाणी जातं, ते पाहण्यासारखं आहे. दट्ट्याचा व्यास आणि ५० फुटांची चाल धरली तर ते १० घनमीटर भरतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येणारा १० हजार लिटरचा एक अख्खा टँकर. तो पाच इंची नळातून तीन मिनिटांत रिकामा करायचा, तर पाण्याचा वेग सेकंदाला चार मीटरच्या वर जातो. झडप धसकन बंद केली तर नळाला किती हिसका बसेल याचा अंदाज यावरून येईल. ती हळूहळू उघडायची आणि हळूहळूच मिटायची.

दोन टाक्यांची जोडी जमत नसेल तर ॲक्युम्युलेटर आणि इंजिनाच्या जोरावर एकच टाकी स्वतंत्रपणे उचलता येई, पण त्याला तीन मिनिटांऐवजी अर्धा तास लागे.

एका टाकीत भरलेली बोट आणि दुसरीत रिकामी असेल तर तोल बिघडत नाही का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. २० टनांची बोट टाकीत शिरली की २० टन पाणी टाकीतून कालव्याकडे निघून जातं. २ टनांची शिरली तर २ टन. दारं मिटताना पाण्याची पातळी ठरलेली असली, की टाकीचं एकूण वजन तेच राहतं. मग आत मिठाने भरलेली बोट असो, रिकामी असो की बोटच नसो. बोटीचं नव्हे, पाण्याच्या पातळीचं माप घ्यायचं असतं.

मग वरची टाकी जड कशी करतात?

तिच्यात ६ इंच पाणी जास्त ठेवून. टाकीचं क्षेत्रफळ घेतलं तर ६ इंचांचा हा थर १६ टनांच्या आसपास भरतो. वर उल्लेख केलेले १६ हजार लिटर ते हेच.

६ इंचच का, याला कारण आहे. वर असलेल्या दट्ट्याखाली सिलिंडरमध्ये ५० फूट जास्त उंचीचा पाण्याचा स्तंभ असतो, आणि त्याचा दाब त्याच टाकीला खाली यायला मदत करतो. टाकी उतरत जाते तशी ही मदत घटत जाते, अर्ध्या वाटेवर संपते आणि नंतर उलटी होते. शेवटी हा विरोध १० टनांपर्यंत जातो. घर्षण धरून त्यावर मात करायला १६ टन पुरतात, १० टन पुरले नसते.

तरीही अगदी शेवटचे काही फूट अडतच. टाकी खालच्या हौदातल्या पाण्यात बुडू लागली की पाणी तिला वर उचलतं आणि जास्तीचं वजन संपून जातं. तिथे जोडनळाची झडप बंद करायची, खालच्या टाकीच्या सिलिंडरमधलं पाणी सोडून ती पूर्ण बसवायची आणि वरची टाकी ॲक्युम्युलेटरच्या दाबाने शेवटपर्यंत चढवायची.

१८८२ मध्ये काय झालं?

१८ एप्रिल १८८२ रोजी एक सिलिंडर फुटला. तेव्हा त्याच्यावरची टाकी कालव्याच्या पातळीला होती आणि तीत बोट होती. टाकी वेगाने खाली आली. पण सिलिंडरमधलं पाणी तडा गेलेल्या जागेतून बाहेर पडायलाही वेळ लागतो, त्यामुळे पडण्याचा वेग आवरला गेला, आणि खालच्या हौदातल्या पाण्याने उरलेला धक्का झेलला. कोणालाही इजा झाली नाही, वरच्या सांगाड्याचंही नुकसान झालं नाही.

दोष बिडाच्या स्वभावात होता. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. आतून दाब असलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर सगळा ताणच येतो, जणू कडं फाकवून तोडावं तसा. २५२ टनांचं ओझं ३ फूट व्यासाच्या दट्ट्यावर म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ किलोंचा दाब. गाडीच्या चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन किलो असतो, त्याच्याशी तुलना करून पाहा. चाचणी घेताना दुसरा सिलिंडरही निकामी झाला. दोन्हींचे भाग बदलून आणि नळांची रचना सुधारून लिफ्ट पुन्हा चालू व्हायला सहा महिने गेले.

दट्ट्यांना खाचा का पडल्या?

अपघातापेक्षा हे दुखणं मोठं, कारण ते रोजचं होतं. सिलिंडरमध्ये दाबासाठी वापरलं जाणारं पाणी कालव्यातलंच होतं. शिवाय खाली आल्यावर दट्ट्याचा भाग हौदाच्या पाण्यात राही. लोखंडाला गंज चढू लागला आणि दट्ट्यांवर उभ्या खाचा पडल्या. ग्लँडचं पॅकिंग गुळगुळीत पृष्ठभागावरच पाणी अडवतं. खाच पडली की पाणी तिच्यातून चिळकांडी मारत बाहेर येतं, पॅकिंग कितीही आवळा. जास्त आवळलं तर घर्षण वाढतं आणि पॅकिंग झिजून संपतं.

खाचा तांब्याने भरून पाहिल्या, आणि त्याने दुखणं वाढलं. तांबं आणि लोखंड क्षारयुक्त पाण्यात शेजारी आले की विजेचा घटच तयार होतो, आणि त्यात झिजतं ते लोखंड. भरलेल्या खाचेच्या कडेने नवीन गंज धरू लागला. १८९७ मध्ये कालव्याचं पाणी काढून त्याजागी शुद्ध केलेलं पाणी वापरायला सुरुवात झाली. गंजण्याचा वेग मंदावला, थांबला नाही. एव्हाना २२ वर्षांचं नुकसान होऊन गेलं होतं. पहिल्या दिवसापासून स्वच्छ पाणी वापरलं असतं तर या दट्ट्यांना पुष्कळ जास्त आयुष्य मिळालं असतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विजेवरची लिफ्ट कधी झाली आणि तिच्यात काय बदललं?

१९०४ पर्यंत अशी वेळ आली की दट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी लिफ्ट दीर्घकाळ बंद ठेवावी लागणार होती. विश्वस्तांचे मुख्य अभियंता कर्नल जॉन आर्थर सेनर यांना पर्याय शोधायला सांगितलं गेलं. सेनर यांनी १८९९ मध्ये नॉर्थविचचे दोन फिरते पूल विजेवर चालवले होते. तिथे जमिनीखालचं मीठ काढल्याने जमीन खचते, म्हणून त्या पुलांचं ओझं तरंगत्या पिंपावर पेललेलं आहे. अशा जागी काम केलेल्या माणसाला पुरलेल्या यंत्राचा भरवसा वाटेनासा झाला तर नवल नाही.

त्यांचा प्रस्ताव असा : दट्ट्ये सोडून द्या, टाक्या वरून टांगा. जुन्या सांगाड्याभोवती पोलादाचे इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचे दहा आधार उभे राहिले, प्रत्येक बाजूला पाच. त्यांच्यावर नदीपासून ६० फूट उंचीवर यंत्रांचा मजला. तिथे मोटर, आडवे दांडे, गिअर आणि बिडाच्या मोठ्या कप्प्या. टाकीच्या दोन्ही बाजूंना बांधलेले वायर रोप या कप्प्यांवरून जाऊन पलीकडे बिडाच्या वजनांना जोडलेले. एकूण ३६ वजनं, प्रत्येकी १४ टन. एका टाकीच्या वाट्याला १८ आली, आणि १८ गुणिले १४ म्हणजे बरोबर २५२. टाकी आणि वजनं समतोल, म्हणून मोटरला फक्त घर्षणावर मात करायची. ३० अश्वशक्तीची मोटर बसवली, तिची निम्मी शक्तीच रोज लागे.

भाग पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले, पण सगळे उघड्यावर, हाताशी. आणि दोन्ही टाक्या एकमेकींपासून मोकळ्या झाल्या, त्यामुळे एकीची दुरुस्ती चालू असताना दुसरी चालवता येऊ लागली. सगळ्यांत कौतुकाची गोष्ट अशी, की दोन वर्षांच्या या कामात वाहतूक तीन टप्प्यांत मिळून फक्त ४९ दिवस बंद राहिली. जुनी लिफ्ट खाली चालू आणि नवी तिच्या अंगावरून उभी राहतेय, असं ते काम. खर्च २५,८६९ पौंड. २९ जुलै १९०८ रोजी नवी यंत्रणा सुरू झाली.

मग १९८३ मध्ये ती बंद का पडली?

पाऊणशे वर्षं चालली, हे आधी म्हणायला हवं. तिचीही दुखणी होती. वायर रोप कप्पीवरून जाताना दर खेपेला वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याने तारा थकतात, एकेक तुटू लागते, म्हणून रोप वारंवार बदलावे लागत. पोलादाला गंज लागू नये म्हणून साधारण आठ वर्षांनी डांबर आणि रबराच्या मिश्रणाचा लेप द्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१-४२ मध्ये, जमिनीत राहिलेले जुने दट्ट्येही भंगाराच्या लोखंडासाठी काढून नेले गेले.

१९५० आणि ६० च्या दशकांत मालवाहतूक रस्त्यावर गेली. १९७० च्या दशकात येणाऱ्या बोटी जवळपास सगळ्या सहलीच्या होत्या, आणि हिवाळ्यात तर कोणीच नाही. १९८३ मध्ये तपासणीत सांगाडा इतका गंजलेला आढळला की तो असुरक्षित ठरवून लिफ्ट बंद केली. १९८७ मध्ये गिअर, कप्प्या आणि इतर यंत्रं उतरवून त्याच आवारात ठेवली गेली. ती भंगारात गेली नाहीत म्हणून आज पाहायला मिळतात.

जीर्णोद्धार करताना पुन्हा पाण्या-तेलाच्या दाबाकडे का वळले?

आधी विचार १९०८ ची विजेची यंत्रणाच पुन्हा चालू करण्याचा होता. पण गंजलेल्या सांगाड्यावर ५०० टनांच्या टाक्या आणि तितकीच वजनं पुन्हा टांगायची, तर सांगाड्याचं बरंचसं मूळ पोलाद बदलावं लागलं असतं. मग जपलं काय, हा प्रश्न उरतो. १९९७ मध्ये वारसा संस्थेशी सल्लामसलत होऊन ठरलं, की टाक्या पुन्हा खालून दट्ट्यांवर उचलायच्या, आणि १९०८ चा सांगाडा कप्प्यांसकट स्मारक म्हणून तसाच उभा ठेवायचा. दाबासाठी पाण्याऐवजी तेल. तेलाने गंज लागत नाही, म्हणजे क्लार्क यांच्या लिफ्टचं मूळ दुखणंच टळलं. सुमारे ७० लाख पौंड उभे केले गेले, काम २००० मध्ये सुरू झालं आणि मार्च २००२ मध्ये बोटी पुन्हा वर-खाली जाऊ लागल्या.

आज ती चालू आहे का?

२०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बोटींची वाहतूक पुन्हा थांबवली गेली आणि मोठ्या दुरुस्तीची गरज पुढे आली. लिफ्टचा कारभार २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. बोटीने जाण्याचा बेत असेल तर निघण्याआधी ट्रस्टची ताजी सूचना पाहूनच ठरवा.

अशा लिफ्ट आणखी कुठे झाल्या?

अँडरटनचं यश पाहून क्लार्क यांना युरोपातून बोलावणं आलं. फ्रान्समध्ये सेंट ओमेरजवळ फोंतिनेत इथे १८८८ मध्ये त्यांच्या आराखड्याची लिफ्ट झाली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये ला लुव्हिएर इथे चारांपैकी पहिली सुरू झाली. बाकीच्या तीन १९१७ मध्ये पूर्ण झाल्या. बेल्जियमच्या या चारही १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. १८८२ च्या स्फोटाचा धडा तिथे घेतलेला दिसतो : ला लुव्हिएरच्या बिडाच्या सिलिंडरना बाहेरून पोलादी कडी चढवली आहेत, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तशी, म्हणजे ताण पोलादाने घ्यावा. कॅनडात पीटरबरोला रिचर्ड रॉजर्स यांनी १९०४ मध्ये याच तत्त्वावर जवळजवळ २० मीटर उंचीची लिफ्ट बांधली.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो मिठाचा आहे. चेशरचं मीठ वीव्हरवरून लिव्हरपूलला आणि तिथून जहाजांनी कलकत्त्याला जाई. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये हे परदेशी मीठ मोठ्या प्रमाणावर खपलं आणि तिथल्या किनाऱ्यावरचा मीठ पिकवण्याचा धंदा बसला. मुंबई इलाख्यात उरण, पेण, वसई, भाईंदरची मिठागरं होती, त्यामुळे आपल्याकडे लिव्हरपूलच्या मिठाला तशी जागा मिळाली नाही.

दुसरा संबंध अलीकडचा. लिफ्टसमोर नदीपलीकडे विनिंग्टनचा कारखाना दिसतो, जिथे २०१४ पर्यंत सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, बनत असे. तो १८७३ मध्ये ब्रुनर आणि माँड यांनी सुरू केला. २००५-०६ मध्ये मुंबईच्या टाटा केमिकल्सने ब्रुनर माँड कंपनी विकत घेतली.

पाहायला जायचं तर काय पाहावं?

नॉर्थविच स्टेशन मँचेस्टर–चेस्टर रेल्वेमार्गावर आहे. तिथून लिफ्ट चालत जाण्याइतपत जवळ आहे. आधी वर कालव्यावर जा आणि जलसेतूच्या टोकाशी उभे राहा. पाणी जिथे संपतं तिथून थेट खाली नदी दिसते. ५० फूट म्हणजे किती, ते आकड्यांपेक्षा इथे जास्त कळतं.

मग खाली उतरून सांगाड्याकडे नीट बघा. दोन वेगवेगळ्या काळांचं लोखंड एकात एक उभं आहे. आतले सरळ, गोल, पोकळ खांब १८७५ चे, बिडाचे. त्यांच्याभोवतीचे तिरके, रिव्हेट ठोकलेले आधार १९०८ चे, पोलादाचे. माथ्यावरच्या कप्प्या आता फिरत नाहीत, पण त्यांच्या काठांवरच्या खोबणी मोजता येतात. प्रत्येक खोबणीतून एकेक रोप जात होता. दुर्बीण असेल तर न्या. शेवटी गोदीच्या कडेला या. मिठाच्या पन्हळी आणि उतार-रूळ आता नाहीत, पण कड्यापर्यंत आत घुसलेलं नदीचं पाणी १७९३ मध्ये खोदलेल्या त्याच जागी आहे.